प्रादेशिक हवामान मॉडेलांवरून अतिवृष्टीची वारंवारता काढताना तुलना कशाची कशाशी करावी?

पर्जन्यशोधक यांचा प्रश्न

नमस्कार. एका मध्यम आकाराच्या नदीखोऱ्यात या शतकाच्या अखेरीस अतिवृष्टी किती वेळा होईल, याचा अंदाज माझ्या प्रबंधात प्रादेशिक हवामान मॉडेलांच्या आधारे मांडायचा आहे. त्यासाठी कॉर्डेक्स या प्रादेशिक हवामान मॉडेलांच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पातील सुमारे 25 किलोमीटर जाळीची दैनिक पर्जन्याची माहिती घेतली आहे. दोन प्रादेशिक मॉडेले आहेत आणि प्रत्येक मॉडेल दोन जागतिक मॉडेलांच्या सीमास्थितींवर (प्रदेशाच्या कडेने आत येणारे वारे, तापमान आणि बाष्प) चालवलेले आहे, म्हणजे एकूण चार मालिका हाती आहेत. संदर्भकाळ 1976 ते 2005 आणि भविष्यकाळ 2070 ते 2099, उत्सर्जनाचा मार्ग आरसीपी 8.5, म्हणजे हरितगृह वायूंचे उत्सर्जन फार जास्त राहील हे गृहीतक.

दिवसाला 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस ही अतिवृष्टीची व्याख्या धरून मी दिवस मोजले, आणि तिथेच अडचणी सुरू झाल्या. संदर्भकाळात खोऱ्यातील पर्जन्यमापकांवर असे जितके दिवस नोंदले गेले, त्यांच्या जेमतेम एक तृतीयांश दिवस मॉडेलांत आढळतात. एका मालिकेत कच्च्या आकड्यांवरून भविष्यातील वारंवारता 2.4 पट होते. तीच मालिका शततमक-जुळवणीच्या पद्धतीने (मॉडेलमधील पावसाचे वितरण शततमकागणिक निरीक्षणांच्या वितरणाशी जुळवून) दुरुस्त केली की वाढ 1.6 पटीवर येते. दुरुस्तीने हवामानबदलाचा संकेतच पुसला, असे समजायचे का? दुसऱ्या एका मालिकेत तर संदर्भकाळात 14 दिवस आणि भविष्यात 11 दिवस, म्हणजे चक्क घट दिसते.

याशिवाय 30 वार्षिक कमाल मूल्यांवर चरम मूल्य वितरण (दुर्मीळ, मोठ्या मूल्यांची शक्यता सांगणारे सूत्र) बसवून पाहिले असता, आज शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस पुढे सुमारे 40 वर्षांतून एकदा येईल, असे उत्तर मिळाले. या उत्तरावर कितपत भरवसा ठेवावा, आणि या कामासाठी 25 किलोमीटरची जाळी मुळात पुरेशी बारीक आहे का, हेही जाणून घ्यायचे आहे. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

ढगमाथा यांचे उत्तर

आपल्या प्रश्नांतले पहिले दोन प्रश्न खरे तर एकाच मुळातून आले आहेत, म्हणून ते एकत्रच घेतो.

पर्जन्यमापकाचे तोंड वीतभर रुंद असते, तर मॉडेलच्या जाळीतील एक चौकट 25 गुणिले 25, म्हणजे 625 चौरस किलोमीटरची असते आणि तिच्यातला आकडा हा त्या सगळ्या क्षेत्राचा सरासरी पाऊस असतो. एखाद्या ठिकाणी 150 मिलिमीटर कोसळले आणि वीस किलोमीटरवर 40 मिलिमीटर पडले, तर चौकटीची सरासरी या दोहोंच्या मध्ये कुठे तरी राहणारच. म्हणून मॉडेल शंभर टक्के अचूक असते, तरीही त्यात 100 मिलिमीटरचा उंबरठा ओलांडणारे दिवस मापकापेक्षा कमीच निघाले असते. या फरकातला किती भाग क्षेत्र-सरासरीमुळे येतो आणि किती मॉडेलच्या दोषामुळे, हे पाहायचे असेल, तर मापकांच्या नोंदी आधी मॉडेलच्या चौकटीवर सरासरी करून घ्याव्यात आणि मगच तुलना करावी. मात्र एका चौकटीत एकच मापक असेल, तर त्याला सरासरी म्हणण्यात अर्थ नाही. खोऱ्यात मापके विरळ असतील, तर ही तुलना मापके दाट असलेल्या चौकटींपुरतीच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता 2.4 आणि 1.6 या आकड्यांकडे येऊ. दुरुस्तीने संकेत पुसलेला नाही. आपण दोन वेगवेगळ्या घटना मोजल्या आहेत. कच्च्या मॉडेलात 100 मिलिमीटरचा दिवस निरीक्षणाच्या तिप्पट दुर्मीळ आहे. दुरुस्तीनंतर तोच 100 मिलिमीटरचा दिवस निरीक्षणाइतका सामान्य झाला. दुर्मीळ घटनांची वारंवारता सामान्य घटनांपेक्षा अधिक पटीने वाढते, ही गोष्ट आयपीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक संस्थेच्या सहाव्या अहवालातही ठळकपणे मांडलेली आहे. तेव्हा पहिला आकडा मोठा येणे अपेक्षितच होते.

हे स्वतः तपासता येईल. शततमक-जुळवणीत संदर्भकाळावरून एक चढते फलन ठरते आणि तेच फलन भविष्याच्या मालिकेला लावले जाते. समजा, त्या फलनाने मॉडेलमधले 68 मिलिमीटर निरीक्षणातील 100 मिलिमीटरशी जुळवले. मग दुरुस्त मालिकेत 100 ओलांडणारे जे दिवस, तेच कच्च्या मालिकेत 68 ओलांडणारे दिवस, कारण चढत्या फलनाने क्रम बदलत नाही. आपण कच्च्या मालिकेत 68 चा उंबरठा लावला, तर तिथेही 1.6 पटच मिळेल. फलन ऋतूनुसार वेगळे घेतले असेल, तर हे समीकरण प्रत्येक ऋतूसाठी स्वतंत्रपणे खरे ठरते. वारंवारतेच्या गुणोत्तरासाठी दुरुस्तीची गरजच नाही, हे यावरून ध्यानात यावे. गरज आहे ती मॉडेलच्या स्वतःच्या हवामानातून काढलेल्या उंबरठ्याची: निरीक्षणात तीस वर्षांत जितके दिवस 100 ओलांडतात, तितकेच दिवस मॉडेलच्या संदर्भकाळात ज्या मूल्याला ओलांडतात, ते मूल्य घ्या आणि भविष्यात तेच कायम ठेवा.

इथे एक सावधगिरी बाळगावी. शततमक काढताना पुष्कळ जण फक्त पावसाळी दिवस, म्हणजे 1 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पावसाचे दिवस, विचारात घेतात. समजा, संदर्भकाळात असे 3000 दिवस आहेत; त्यांचा 99 वा शततमक 30 दिवस ओलांडतात. भविष्यात रिमझिम पावसाचे 1000 दिवस घटले आणि जोरदार पावसाचे दिवस जसेच्या तसे राहिले, तर उरलेल्या 2000 दिवसांचा 99 वा शततमक फक्त 20 दिवस ओलांडतील, म्हणजे त्याचे मूल्य वर सरकेल. अतिवृष्टीत कणभरही बदल नसताना ती वाढल्याचा भास होतो. दोन काळांची तुलना करायची असेल, तर शततमक सर्व दिवसांवर काढणेच सुरक्षित.

काही गोष्टी थोडक्यात. मॉडेलमधील पर्जन्य बहुधा दर चौरस मीटरला दर सेकंदाला किलोग्रॅम या एककात असते. दिवसाचे मिलिमीटर मिळवण्यासाठी 86400 ने गुणावे लागते. काही जागतिक मॉडेलांचे वर्ष 360 दिवसांचे असते आणि त्यांच्यावर चालवलेल्या प्रादेशिक मालिकेतही तीच दिनदर्शिका उतरते, तेव्हा वर्षाला किती दिवस हे मोजताना त्याची दखल घ्यावी. प्रदेशाच्या कडेच्या पट्ट्यात बाहेरची स्थिती मॉडेलवर लादलेली असते. आपले खोरे त्या पट्ट्याजवळ असेल, तर तेथील पाऊस वापरू नये. आणि जागतिक मॉडेलावर चालवलेल्या मालिकेतील 1994 सालचा एखादा दिवस हा प्रत्यक्षातला तो दिवस नव्हे. तारखांची जुळणी फक्त ईआरए-इंटरिम किंवा ईआरए5 यांसारख्या पुनर्विश्लेषणावर (प्रत्यक्ष निरीक्षणे मॉडेलात मिसळून तयार केलेल्या गतकाळाच्या हवामानचित्रावर) चालवलेल्या मालिकेतच अपेक्षित आहे. तशी मालिका आपल्या मॉडेलांसाठी उपलब्ध असेल, तर ती आवर्जून पाहावी, कारण दोष प्रादेशिक मॉडेलचा की त्याला सीमास्थिती पुरवणाऱ्या जागतिक मॉडेलचा, हे तिच्यावरूनच वेगळे करता येते.

चरममूल्य यांचे उत्तर

ढगमाथा यांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे. संख्याशास्त्राच्या बाजूने काही जोडतो, कारण शंभर वर्षांच्या पावसाचा 40 वर्षांचा होणे हे विधान प्रबंधात गेले की तेच पुढे सगळीकडे उद्धृत होते.

आधी 14 विरुद्ध 11 हा प्रश्न. घटना एकमेकींपासून स्वतंत्र मानल्या, तरी या दोन आकड्यांतील फरकाचे प्रमाण विचलन (निव्वळ योगायोगाने अपेक्षित चढउताराचे माप) 14 आणि 11 यांच्या बेरजेच्या वर्गमुळाइतके, म्हणजे 5 येते. आपला फरक 3 आहे. ही घट नाही आणि वाढही नाही. या मालिकेतून काहीच ठरत नाही, एवढेच म्हणता येईल. त्यातच सलग दोन-तीन दिवस चाललेला पाऊस आपण प्रत्येक दिवस वेगळा धरून मोजला असेल, तर खरी अनिश्चितता याहून मोठी आहे. एका पर्जन्यप्रसंगातील सर्वांत मोठा दिवसच मोजावा आणि दोन प्रसंगांमध्ये किमान काही दिवसांचे अंतर ठेवावे.

आता वितरणाविषयी. तीस वर्षांच्या मालिकेत शंभर वर्षांचा पाऊस निदान एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के असते. म्हणजे चारपैकी तीन वेळा आपण जे मूल्य सांगत आहोत, ते मालिकेत एकदाही पडलेले नसते आणि वितरणाची शेपूट, म्हणजे टोकाचा भाग, पुढे ओढूनच ते मिळवलेले असते. या शेपटीचा आकार ठरवणारे प्राचल (सूत्रातील स्थिरांक) तीस मूल्यांवरून फार डळमळीत निघते. वर्षांचे पुनर्नमुने घेऊन, म्हणजे त्याच तीस वर्षांतून पुन्हा पुन्हा यादृच्छिक निवड करून, हेच गणित हजार वेळा करून पाहा; 40 वर्षे हे उत्तर किती रुंद पट्ट्यात फिरते, ते दिसेल.

शेपटीचे महत्त्व एका साध्या उदाहरणाने दाखवतो. गम्बेल या चरम मूल्य वितरणाच्या साध्या प्रकारात स्थान-प्राचल (मूल्यांची नेहमीची पातळी) 100 मिलिमीटर आणि विस्तार-प्राचल (चढउताराचे माप) 25 मिलिमीटर घ्या. शंभर वर्षांचा पाऊस 215 मिलिमीटर येतो. आता सर्व वार्षिक कमाल मूल्ये सरसकट 10 टक्क्यांनी वाढवा. तोच 215 मिलिमीटरचा पाऊस सुमारे 46 वर्षांतून एकदा येऊ लागतो, तर आजचा दहा वर्षांचा, म्हणजे 156 मिलिमीटरचा पाऊस सुमारे 6 वर्षांतून एकदा. पुढे विस्तार-प्राचल 25 ऐवजी 15 घ्या, बाकी सर्व तेच. शंभर वर्षांचा पाऊस 169 मिलिमीटर होतो आणि त्याच 10 टक्के वाढीने तो सुमारे 36 वर्षांचा होतो. पावसाची तीव्रता दोन्ही वेळा तितकीच वाढली, पण वारंवारतेचे उत्तर बदलले ते केवळ वर्षागणिक चढउतार कमी धरल्यामुळे. मॉडेलमधील वार्षिक कमाल मूल्यांचा विस्तार त्यांच्या सरासरीच्या प्रमाणात निरीक्षणापेक्षा कमी असेल, तर मॉडेल वारंवारतेची वाढ फुगवून सांगेल. म्हणून कोणतेही गुणोत्तर मांडण्यापूर्वी हे प्रमाण मॉडेलात आणि चौकटीवर सरासरी केलेल्या निरीक्षणांत शेजारी शेजारी ठेवून पाहावे. माझ्या मते ही तपासणी सरासरी पावसाच्या नकाशांपेक्षा अधिक महत्त्वाची आहे, आणि तीच बहुतेक वेळा राहून जाते.

तीस वर्षांच्या दोन तुकड्यांऐवजी संपूर्ण मालिका वापरण्याचा मार्गही आहे. सीमास्थिती पुरवणाऱ्या जागतिक मॉडेलचे वर्षानुवर्षांचे सरासरी तापमान घेऊन चरम मूल्य वितरणाचे स्थान-प्राचल त्याच्याशी बांधावे आणि विस्ताराचे स्थानाशी असलेले प्रमाण स्थिर ठेवावे. यात मधल्या वर्षांची माहिती वाया जात नाही. शिवाय उत्तर सालांऐवजी तापमानवाढीच्या पातळीवर मांडता येते: जग 2 अंशांनी तापल्यावर काय, 3 अंशांनी तापल्यावर काय. वेगवेगळ्या संवेदनशीलतेच्या, म्हणजे त्याच उत्सर्जनाला कमी-अधिक तापणाऱ्या, जागतिक मॉडेलांमधील मतभेदाचा बराच भाग अशा मांडणीत आपोआप कमी होतो. शेजारच्या, सारख्या पर्जन्यमानाच्या चौकटी एकत्र घेऊन आकार-प्राचल सामाईक ठेवणेही उपयोगी पडते. फक्त एकच वादळ त्या सर्व चौकटींवर एकदम पडते, तेव्हा नऊ चौकटींची तीस वर्षे म्हणजे 270 स्वतंत्र वर्षे नव्हेत.

पर्जन्यशोधक यांचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कच्च्या मालिकेत समतुल्य उंबरठा लावून पाहिला. गुणोत्तर खरोखरच 1.6 आले. विस्तार आणि सरासरी यांचे प्रमाणही काढले. दोन्ही मॉडेलांत ते निरीक्षणापेक्षा कमी आहे, एकात किंचित आणि दुसऱ्यात लक्षणीय.

दोन शंका उरतात. खोऱ्याच्या पूरनियोजनासाठी मार्गदर्शकांना मिलिमीटरमध्येही उत्तर हवे आहे, आणि तिथे दुरुस्ती टाळता येणार नाही असे दिसते. मग ती कोणत्या पद्धतीने करावी? आणि माझ्या चार मालिकांमधील फरक हा मॉडेलांमधला खरा मतभेद आहे की निव्वळ योगायोग, हे कसे ओळखावे?

जालबिंदू यांचे उत्तर

मिलिमीटरमध्ये उत्तर हवे असेल, तर दुरुस्तीची पद्धत महत्त्वाची ठरते. साधी शततमक-जुळवणी वारंवारतेचे गुणोत्तर राखते, हे वर आलेच आहे, पण पावसाच्या प्रमाणातील टक्केवारीची वाढ ती राखेलच असे नाही. कच्च्या मॉडेलमध्ये 12 टक्के वाढ असताना दुरुस्तीनंतर ती 20 टक्के होणे सहज शक्य आहे, कारण फलनाचा उतार वरच्या टोकाला वेगळा असतो. त्यापलीकडची अडचण अशी की, भविष्यातील सर्वांत मोठे पाऊस संदर्भकाळातल्या सर्व मूल्यांच्या वर असतात आणि तेथे फलन अंदाजानेच पुढे वाढवावे लागते, म्हणजे ज्या टोकाशी आपल्याला कर्तव्य आहे, तिथेच दुरुस्तीला आधार नसतो. म्हणून प्रत्येक शततमकावर मॉडेलने सांगितलेला सापेक्ष बदल वेगळा काढून तो निरीक्षणांच्या वितरणावर बसवणारी पद्धत मी सुचवेन; तिला शततमक-फरक जुळवणी म्हणतात. त्याहूनही सोपा आणि पारदर्शक मार्ग म्हणजे निरीक्षणांवरून आजचा पुनरावृत्ती-काळाचा (किती पाऊस किती वर्षांतून एकदा येतो याचा) तक्ता काढावा आणि मॉडेलमधून फक्त टक्केवारीचा बदल घेऊन त्याला लावावा. यात मॉडेलच्या निरपेक्ष आकड्यांवर विसंबावे लागत नाही. कोणतीही पद्धत वापरली, तरी मॉडेलमध्ये वादळांचा मार्गच चुकीचा असेल, तर ती चूक दुरुस्तीने भरून निघत नाही. दुरुस्त केलेले आकडे केवळ निरीक्षणांसारखे दिसू लागतात.

मालिकांमधील फरकाविषयी. आपल्या चार मालिका म्हणजे चार स्वतंत्र मते नव्हेत. दोन जागतिक मॉडेले गुणिले दोन प्रादेशिक मॉडेले अशी ती जाळी आहे. घट दाखवणारी मालिका ज्या जागतिक मॉडेलावर चालली, त्याच मॉडेलावर चाललेली दुसरी मालिका काय सांगते, ते आधी पाहा. तीही क्षीण बदल दाखवत असेल, तर कारण बहुधा सीमेवरून आत येणाऱ्या वाऱ्यांत आणि बाष्पात आहे. त्याच प्रादेशिक मॉडेलाची दुसरी मालिका तशी वागत असेल, तर संशय मॉडेलमधील संवहनाच्या, म्हणजे ढगांतील उभ्या प्रवाहांच्या, मांडणीवर जातो. दोन्ही नसेल, तर चरममूल्य यांनी सांगितल्याप्रमाणे तो हवामानाचा नैसर्गिक चढउतार समजावा. एकाच मॉडेलच्या सुरुवातीच्या स्थितीत किंचित बदल करून केलेल्या अनेक धावा, म्हणजे मोठे समूह, हा चढउतार किती मोठा असू शकतो याचा सर्वांत चांगला अंदाज देतात. आपल्या जागतिक मॉडेलांपैकी एखाद्याचा तसा समूह उपलब्ध असेल, तर त्यातील दैनिक कमाल पाऊस मोठ्या प्रदेशावर तरी तपासून पाहावा.

बदलाचा आकडा सयुक्तिक आहे का, यासाठी भौतिकशास्त्राचा आधार आहे. हवा 1 अंशाने तापली की तिच्यात मावणारे बाष्प सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. आयपीसीच्या 2021 सालच्या अहवालानुसार, 1850 ते 1900 या काळात दहा वर्षांतून एकदा येणारा एक दिवसाचा जोरदार पाऊस जागतिक भूभागाच्या सरासरीने 1 अंश तापमानवाढीला 1.3 पट, 2 अंशांना 1.7 पट आणि 4 अंशांना 2.7 पट वेळा येतो. त्याची तीव्रता अनुक्रमे सुमारे 6.7, 14 आणि 30 टक्क्यांनी वाढते. एखाद्या खोऱ्याचे उत्तर यापासून बरेच दूर असू शकते, कारण स्थानिक वाऱ्यांतील बदल बाष्पाच्या वाढीला बळ देतात किंवा तिच्यावर मातही करतात. पण दूर असेल, तर वाऱ्यांत आणि बाष्पाच्या वहनात नेमके काय बदलले ते दाखवणे आवश्यक आहे. ते दाखवता आले, तर तोच आपल्या प्रबंधाचा सर्वांत मौलिक भाग ठरेल.

ढगमाथा यांचे उत्तर

जाळीच्या बारीकपणाचा प्रश्न राहिला होता. 25 किंवा 12 किलोमीटरच्या मॉडेलांत गडगडाटी ढगांतील उभे प्रवाह प्रत्यक्ष सोडवले जात नाहीत. त्यांचा एकत्रित परिणाम सूत्रांनी मांडला जातो. त्यामुळे अशा मॉडेलांत हलका पाऊस वाजवीपेक्षा जास्त वेळा पडतो, दुपारचा पाऊस वेळेआधी सुरू होतो आणि तासाभराचे जोरदार पाऊस दबले जातात. सुमारे 4 किलोमीटरहून बारीक जाळीवर खोल संवहन थेट गणितातच घेता येते. ब्रिटिश हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2014 साली दक्षिण ब्रिटनसाठी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 1.5 किलोमीटरच्या मॉडेलाने उन्हाळ्यातील तासाभराच्या पावसाची तीव्रता वाढल्याचे दाखवले. त्याच प्रयोगातील 12 किलोमीटरच्या मॉडेलात ती वाढ दिसली नाही.

या बारकाईची किंमत मात्र मोठी आहे. जाळी निम्मी केली की दोन्ही आडव्या दिशांना चौकटी दुप्पट होतात आणि काळाची पायरीही निम्मी करावी लागते, म्हणजे गणन सुमारे आठपट. 12 वरून 3 किलोमीटरवर जायला 64 पट. म्हणूनच अशा मालिका बहुधा दहा-वीस वर्षांच्याच असतात आणि दुर्मीळ घटनांच्या वारंवारतेसाठी त्या तोकड्या पडतात. दिवसाचा किंवा पाच दिवसांचा पाऊस आणि काही हजार चौरस किलोमीटरचे खोरे, असा आपला प्रश्न असेल आणि तिथला मोठा पाऊस विस्तृत पर्जन्यप्रणालींमुळे येत असेल, तर 25 किलोमीटरच्या, पण संख्येने अधिक मालिका घेणे मी पसंत करेन. कॉर्डेक्समधून आणखी जोड्या मिळत असतील, तर त्या आधी जमवा. खोरे लहान आणि उताराचे असेल, किंवा तिथला पूर तासा-दोन तासांच्या पावसाने येत असेल, तर या जाळीवरून काढलेली वारंवारता वापरू नये आणि प्रबंधात तसे स्पष्ट लिहावे.